खुब्याचा सांधा कोणत्या वाटेने बदलला, हे डिस्चार्ज कार्डावर लिहावे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

"मॅडम, बॉल पुढून बदलून घ्यावा की मागून?" म्हणजे खुब्याचा सांधा बदलताना आत जाण्याची वाट पुढच्या बाजूने घ्यावी की मागच्या, हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याविषयी आपल्या वाचकांसाठी सविस्तर लिहावे असे वाटले. मी सोलापुरात सत्तावीस वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. ऑपरेशन मी करत नाही, परंतु ऑपरेशन झालेल्या माणसाला पहिल्यांदा कॉटवरून उठवून उभे करणे, त्याच्या हाती वॉकर देणे, त्याला जिना चढायला शिकवणे आणि काही महिन्यांनी "आता जमिनीवर बसू का?" या त्याच्या प्रश्नाला उत्तर देणे, हे सगळे माझ्या वाट्याला येते.

प्रश्न विचारणाऱ्यांना मी दोष देत नाही. स्नायू न कापता शस्त्रक्रिया, त्याच दिवशी चालणे, नंतर कोणतेही पथ्य नाही, अशा मजकुराच्या जाहिराती मोबाइलवर दिवसभर येत असतात, आणि त्या पाहून घरातील मुलांना वाटते की पुढची वाट म्हणजे नवे तंत्र आणि मागची वाट म्हणजे मागासलेले तंत्र. मग वर्षानुवर्षे ज्या शल्यविशारदांवर विश्वास ठेवला, त्यांनी "मी मागून करतो" एवढे म्हटल्याबरोबर कुटुंब अस्वस्थ होते. काही जण केवळ एवढ्यासाठी पुण्याला किंवा हैदराबादला जाऊन येतात आणि टाके काढायला, व्यायामाला पुन्हा सोलापुरातच येतात. हा खर्च आणि ही दगदग टाळता येण्यासारखी आहे, म्हणून आधी या वाटा काय आहेत ते सांगते.

खुब्याचा सांधा म्हणजे कमरेच्या हाडातील वाटी आणि तीत फिरणारा मांडीच्या हाडाचा गोळा. हा सांधा इतका खोल आणि इतक्या जाड स्नायूंनी वेढलेला आहे की तिथपर्यंत पोहोचताना काही ना काही बाजूला सारावे, सोडवावे किंवा उचलावे लागतेच. काहीही न दुखावता आत जाण्याची वाट निसर्गाने ठेवलेली नाही. प्रत्येक वाटेने काही वाचते आणि काही धोक्यात येते. कोणत्या रुग्णाचे काय वाचवणे अधिक महत्त्वाचे आहे, एवढाच खरा प्रश्न असतो.

पुढची वाट नवी आहे, हा तर सरळ गैरसमज आहे. जर्मनीतील कार्ल ह्यूटर यांनी एकोणिसाव्या शतकातच तिचे वर्णन केले होते, अमेरिकेत स्मिथ-पीटरसन यांनी १९१७ मध्ये ती मांडली आणि पॅरिसमध्ये ज्यूदे बंधूंनी १९४७ पासून सांधा बदलण्यासाठी ती वापरली. आजच्या सांधेबदलाचा पाया ज्यांनी घातला त्या जॉन चार्नली यांनी मात्र १९६२ मध्ये इंग्लंडमधील राइटिंग्टन येथे बाजूची वाट निवडली होती. ते मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा कापून उचलत आणि शेवटी तारांनी पुन्हा बसवत. त्याच राइटिंग्टनच्या हार्डिंज यांनी १९८२ मध्ये हाड न कापता केवळ स्नायूचा पुढचा भाग उचलून आत जाण्याची पद्धत प्रसिद्ध केली. मागच्या वाटेला आजचे रूप देण्यात अमेरिकेच्या ऑस्टिन मूर यांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या नावाचा 'ऑस्टिन मूर' बॉल सोलापूरच्या कित्येक वृद्धांच्या खुब्यात आजही आहे.

मागच्या वाटेत रुग्णाला कुशीवर निजवतात, कुल्ल्याच्या मोठ्या स्नायूचे धागे विलग करतात, आणि मांडी बाहेरच्या बाजूला फिरवणारे मागचे छोटे स्नायू हाडापासून सोडवून सांध्याचे आवरण उघडतात. चालताना कंबर सावरून धरणारे बाजूचे स्नायू यात शाबूत राहतात, हाड उत्तम दिसते, आणि अवघड प्रसंगी छेद वाढवता येतो. पायाची मोठी शीर, जिला आपण सायटिकाची नस म्हणतो, ती जवळून जाते, म्हणून तिला जपावे लागते. या वाटेची मुख्य उणीव म्हणजे सांधा मागच्या बाजूला निखळण्याची भीती. पूर्वी हे प्रमाण शंभरात तीन-चार रुग्णांपर्यंत जात असे. सोडवलेले स्नायू आणि आवरण हाडाला पुन्हा पक्के शिवण्याची पद्धत रूढ झाल्यावर, आणि चार्नली यांच्या सव्वाबावीस मिलिमीटरच्या गोळ्याऐवजी ३२ किंवा ३६ मिलिमीटरचे गोळे वापरात आल्यावर, ते शंभरात एकाच्या आसपास आले आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ पासून अशा शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली जाते, आणि तिथे आजही सर्वाधिक सांधे मागच्या वाटेनेच बदलले जातात. मागची वाट म्हणजे मागासलेली वाट, असे समजणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट ध्यानात घ्यावी.

बाजूच्या वाटेने सांधा निखळण्याचे भय कमी, परंतु कंबर सावरणाऱ्या स्नायूलाच हात लागतो, त्यामुळे काही रुग्ण बरेच महिने झुलत चालतात आणि थोड्यांचे लंगडणे कायम राहते. पडून खुब्याचे हाड मोडलेल्या, स्मृती कमी झालेल्या वृद्धाला "असे वाकू नका, तसे वळू नका" हे पाळणे शक्य नसते. तिथे ही वाट मला नेहमीच शहाणपणाची वाटत आली आहे. अशा मोडलेल्या हाडासाठी अर्धा सांधा, म्हणजे केवळ गोळा, बसवताना मागच्या वाटेपेक्षा पुढून-बाजूने जाणाऱ्या वाटेचा विचार करावा, असे इंग्लंडच्या नाइस या संस्थेनेही २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले होते.

पुढच्या वाटेत रुग्ण उताणा असतो, जांघेच्या थोडे बाहेर छेद घेतात आणि दोन स्नायूंमधल्या नैसर्गिक फटीतून सांध्यापर्यंत जातात. जाहिरातीतील दाव्याचा आधार हाच आहे आणि तो खोटा नाही. पहिल्या काही आठवड्यांत या रुग्णांना वेदना कमी असते, काठी लवकर सुटते. हे मी स्वतः पाहिले आहे. रुग्ण उताणा असल्याने दोन्ही पायांची लांबी ताडून पाहणे आणि टेबलावरच एक्स-रे घेणे सोपे जाते. परंतु तीन महिन्यांनी, आणि वर्षाने तर नक्कीच, पुढच्या आणि मागच्या वाटेचे रुग्ण शेजारी चालवून पाहिले तर कोणाचे ऑपरेशन कुठून झाले हे मला अनेकदा ओळखता येत नाही. अभ्यासही साधारण हेच सांगतात. शिवाय या वाटेचे स्वतःचे धोके आहेत. मांडीच्या बाहेरच्या बाजूची संवेदना नेणारी नस ताणली जाऊन तिथे बधिरपणा येतो. मांडीचे हाड वर उचलून आणणे अवघड असल्याने ठिसूळ हाड टेबलावरच तडकू शकते. पोट सुटलेल्या रुग्णाच्या जांघेतील घडीखाली जखम येते, आणि मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जात असताना ती जागा कोरडी ठेवणे हे घरच्यांसाठी एक कामच होऊन बसते. हे तंत्र हाताला बसायला शल्यविशारदाला पन्नास ते शंभर शस्त्रक्रिया लागतात, असे या विषयातील जाणकारच सांगतात. त्या शंभरातला आपला क्रमांक कितवा, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

म्हणून "पुढून की मागून" असे विचारणाऱ्यांना मी सांगते की ज्यांच्याकडे ऑपरेशन करायचे आहे त्यांचा हात ज्या वाटेवर रोज चालतो तीच वाट त्यांच्या हातून सर्वांत सुरक्षित असते. आपल्याला आवडेल त्या वाटेचा आग्रह धरण्याऐवजी डॉक्टरांना विचारावे की आपण बहुतेक ऑपरेशने कोणत्या वाटेने करता, माझ्या हाडात, वजनात, कण्यात असे काही आहे का की ज्यामुळे माझ्यासाठी ती वाट बदलावी लागेल, आणि गोळा किती मिलिमीटरचा बसवणार. कण्याचा प्रश्न मुद्दाम लिहिला आहे. ज्यांचा कणा आखडला आहे किंवा कंबरेत स्क्रू बसवलेले आहेत, त्यांचे कमरेचे हाड बसताना जितके मागे कलायला हवे तितके कलत नाही, आणि मग वाट कोणतीही असली तरी सांधा निखळण्याचा धोका वाढतो. अशांसाठी दुहेरी फिरणाऱ्या गोळ्याचा पर्याय असतो. गोळ्याचा रक्तपुरवठा तुटल्यामुळे तिशी-चाळिशीतच सांधा बदलावा लागणारे तरुण आपल्याकडे कमी नाहीत. कोणी दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेले असते, कोणाला दारूचे व्यसन असते. त्यांची हाडे सहसा मजबूत असतात पण आयुष्य समोर पडलेले असते, आणि यंत्रमागावर उभे राहायचे की नाही याचा निर्णय त्यांना सहा आठवड्यांत हवा असतो. त्यांच्यासाठी लवकर उभे राहण्याला खरोखर किंमत आहे. सत्तरीच्या आजींसाठी दोन आठवडे लवकर काठी सुटण्यापेक्षा हाड न तडकणे महत्त्वाचे असते.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहीत आहे तिच्याकडे वळते.

वाट कोणती घ्यावी यावर एवढी चर्चा होते, परंतु वाट कोणती घेतली हे ऑपरेशननंतर रुग्णाला कोणी सांगत नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक डिस्चार्ज कार्डांवर 'टोटल हिप रिप्लेसमेंट, उजवी बाजू' एवढेच असते आणि खाली इंग्रजीत पथ्य पाळण्याची एक ओळ असते. कोणते पथ्य, ते कशासाठी, किती दिवस, याचा पत्ता नसतो. टाक्यांची रेघ पाहून मी अंदाज करते, पण अंदाजावर एखाद्याचा सांधा सोपवणे मला बरे वाटत नाही. वाट बदलली की धोक्याची हालचालही बदलते, म्हणून हे महत्त्वाचे आहे. मागच्या वाटेने गेलेला सांधा मांडी पोटाकडे खूप वाकवून, गुडघा दुसऱ्या पायाकडे नेऊन, पाय आत वळवला तर मागे निखळतो. पुढच्या वाटेने गेलेला सांधा पाय मागे नेऊन बाहेर वळवला तर पुढे निखळू शकतो. उजवा खुबा बदललेल्या रुग्णाने उजव्या पायावर भार ठेवून, पाऊल न उचलता, डावीकडे अंग फिरवले तर एका वाटेची शिवण ताणली जाते, उजवीकडे फिरवले तर दुसऱ्या. पाऊल उचलून वळा, हे मी दोघांनाही सांगते. पण घरी विसर पडतो तेव्हा कोणाला कशाची अधिक भीती आहे, हे घरच्यांना ठाऊक असायला हवे.

काही वर्षांपूर्वी शहरातील एका रुग्णालयात शेजारशेजारच्या कॉटवर दोन महिला होत्या, दोघींचाही उजवा खुबा बदललेला, शल्यविशारद वेगवेगळे. एकीचे ऑपरेशन पुढून झाले होते आणि तिला वाकायला फारशी मनाई नव्हती. दुसरी बिडी कामगार, तिचे मागून. दोघींची चांगली गट्टी जमली, आणि घरी गेल्यावरही फोनवर बोलणे सुरू राहिले. "मी तर वाकते, मला काही होत नाही, तुम्ही उगीच घाबरता," हे पहिलीने आपुलकीनेच सांगितले. पाचव्या आठवड्यात दुसरी ठेंगण्या पाटावर बसली, शेजारी ठेवलेले बिड्यांचे सूप उचलायला उजवीकडे खाली वाकली, गुडघा आत गेला आणि सांधा निखळला. रात्रीची वेळ असल्याने तिला घराजवळच्या दुसऱ्या रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरांना कार्डावरून ना वाट कळली, ना गोळ्याचा आकार, ना सांधा कोणत्या कंपनीचा हे. भूल देऊन सांधा बसवला गेला आणि ती बाई आज चालते आहे. परंतु तिला जी भीती बसली ती जायला वर्ष लागले. त्या दोघींना एकमेकींच्या शेजारी पाहूनही तुमची ऑपरेशने वेगळी आहेत हे मी बजावून सांगितले नाही, याची मला आजही खंत आहे.

पथ्याची पत्रके जिथे मिळतात तिथेही ती आपल्या घरांसाठी लिहिलेली नसतात. खुर्ची, सोफा आणि कमोड यांच्यावर आयुष्य काढणाऱ्यांसाठी लिहिलेला मजकूर भाषांतरित करून दिला जातो. त्यात 'पाय क्रॉस करू नका' असे असते. आपला रुग्ण त्याचा अर्थ 'मांडी घालू नका' असा घेतो. मूळ सूचना खुर्चीत बसून एका मांडीवर दुसरी मांडी टाकण्याविषयी आहे. तीत गुडघा आत जातो. मांडी घालताना गुडघे बाहेर पडतात आणि मांडीचे हाड बाहेर वळते, म्हणजे वळण अगदी उलट असते. याचा अर्थ मांडी घालून बसणे निर्धोक आहे असा मुळीच नाही, कारण त्यात खुबा खोल वाकतो आणि जमिनीवर बसताना-उठताना पुढे झुकून तोल जातो. काही शल्यविशारद काही महिन्यांनी निवडक रुग्णांना मांडी घालू देतात, काही कायमची मनाई करतात. पण रुग्ण मांडी सोडतो आणि त्याऐवजी काय करतो? आमच्या बायका दोन्ही पाय एका बाजूला दुमडून बसतात. कीर्तनात, हळदीकुंकवाला, माजघरात भाजी निवडताना ही बैठक त्यांना सभ्य आणि सोपी वाटते. या बैठकीत ज्या बाजूला पावले जातात त्या बाजूचा खुबा वाकतो आणि आत वळतो, आणि मागच्या वाटेने ऑपरेशन झालेल्यांसाठी नेमकी हीच धोक्याची हालचाल आहे. मांडीला मनाई करणारे पत्रक या बैठकीविषयी एक शब्द बोलत नाही.

उकिडवे बसण्याचेही तसेच. पत्रकात 'नव्वद अंशांपेक्षा अधिक वाकू नका' असते. नव्वद अंश म्हणजे काय, हे तेलुगू किंवा कन्नड घरात वाढलेल्या आणि शाळा पाहिली नसलेल्या आजीला कसे कळावे? तिला सांगावे लागते की बसल्यावर गुडघा खुब्यापेक्षा वर येता कामा नये. म्हणून पाट नको, ठेंगणी बाज नको, जुन्या पद्धतीचा संडास नको, देवापुढे वाकून नमस्कार उभ्यानेच, आणि बिड्या वळायच्या तर सूप मांडीवर न घेता टेबलावर, स्वतः उंच खुर्चीवर. हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसणाऱ्या विणकराचे तर वेगळेच. बसल्यावर त्याचा खुबा फार वाकत नाही, पण खड्ड्यात उतरताना आणि वर येताना पाय कसा वळतो ते मला प्रत्यक्ष त्याच्या मागावर जाऊन पाहावे लागले. अलीकडे पुष्कळ ठिकाणी ही पथ्ये सैल केली जात आहेत आणि त्याला चांगला आधार आहे. तरीही कोणासाठी किती सैल, हे सांगणारा माणूस ऑपरेशन करणाराच असला पाहिजे.

आणि त्यांना ते ठाऊक असते. नवा सांधा बसवल्यावर, जखम शिवण्यापूर्वी, शल्यविशारद भूल दिलेल्या रुग्णाचा पाय वाकवून, आत-बाहेर वळवून पाहतात आणि गोळा वाटीतून कोणत्या टप्प्यावर उचलला जातो याची खात्री करून घेतात. रुग्णाच्या पुढच्या वीस वर्षांच्या बसण्या-उठण्याला उपयोगी असे हे ज्ञान त्या क्षणी त्यांच्या हातात असते, आणि ते शस्त्रक्रियागृहातच राहते. सांध्याच्या खोक्यावर कंपनी, माप आणि तुकडीचा क्रमांक असलेले स्टिकर येतात. ते रुग्णालयाच्या कागदांत चिकटवले जातात आणि रुग्णाला त्याची प्रत बहुधा मिळत नाही.

माझी विनंती शासकीय रुग्णालयाला, खासगी रुग्णालयांना आणि शहरातील सर्व अस्थिरोगतज्ज्ञांना आहे. प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर मराठीत चार ओळी असाव्यात: सांधा मागून, बाजूने की पुढून बदलला; मागचे आवरण आणि स्नायू शिवले की नाही; गोळ्याचे माप आणि स्टिकरची प्रत; आणि टेबलावर पाहिल्याप्रमाणे कोणती हालचाल किती आठवडे करू नये. लिहायला पाच मिनिटे लागतील. सोलापूरला अक्कलकोट-मंगळवेढ्यापासून विजयपूर-कलबुर्गीपर्यंतचे रुग्ण येतात, आणि सांधा निखळला तर ते पुन्हा सोलापुरात पोहोचण्याआधी गावाजवळच्या डॉक्टरांसमोर ते कार्डच ठेवणार आहेत. रुग्णांनाही सांगणे आहे की घरी जाण्यापूर्वी "माझा सांधा कोणत्या बाजूने बदलला ते कार्डावर लिहून द्या" असे निःसंकोच म्हणावे. कोणतेही चांगले डॉक्टर त्याचा राग मानणार नाहीत.

पाट, मांडी, उकिडवे, एका बाजूला पाय दुमडून, आणि पाऊल न उचलता वळणे, अशा पाच बैठकींची व हालचालींची चित्रे काढून मी एक कागद तयार केला आहे. त्यात प्रत्येक चित्राखाली डॉक्टरांनी खूण करायला दोन चौकोन आहेत, एक 'चालेल' आणि एक 'नको' असा. मराठी मजकूर झाला आहे, तेलुगू मजकूर कुंभारीच्या एका रुग्णाच्या मुलीने वाचून दुरुस्त करून दिला आहे, कन्नड अजून राहिला आहे. ज्या रुग्णालयाला हा कागद हवा असेल त्याने आपल्या वृत्तपत्राच्या कार्यालयामार्फत कळवावे, मी तो विनामूल्य देईन. आणि कन्नडमध्ये सोप्या शब्दांत लिहून देणारे कोणी वाचक असतील तर त्यांनीही कृपया कळवावे.

आपली नम्र,
एक फिजिओथेरपिस्ट, सोलापूर